वीस ठिपके

जून २००५, शेवटचा शुक्रवार, सकाळचे साडेदहा. हजर माणसं पाच: बाबा, आई, वज्रेश्वरीच्या पुढच्या गावाहून पहिल्या एसटीने आलेला शांताराममामा, त्याचा मुलगा दिनेश आणि मी. मामाने आणलेला फणस दाराशी गोणपाटावर ठेवला होता. आई तांदळाच्या भाकऱ्या थापत होती, चुलीवर सुक्या बोंबलाचं कालवण होतं. शुक्रवार असल्यामुळे खालचा यंत्रमागाचा कारखाना बंद होता. हे मुद्दाम लिहून ठेवते. इतर कुठल्याही वारी लूमच्या खडखडाटात आमच्या घरात निम्मी वाक्यं ऐकूच यायची नाहीत, आणि ऐकलं नाही असं म्हणायची सोय असायची. त्या दिवशी ती सोय नव्हती. दिनेश जे बोलला ते पाचही जणांनी नीट ऐकलं.

आमचं घर कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं, दोन खोल्यांचं. खाली चोवीस लूम. जमीन सतत थरथरायची, ताटातल्या वरणावर वर्तुळं उठायची, फळीवरचे डबे दर आठवड्याला चार बोटं पुढे सरकायचे आणि आई ते मागे ढकलायची. बाहेरची माणसं आली की विचारायची, झोप कशी लागते? आम्हाला शुक्रवारी लागत नसे. बाबा त्याच कारखान्यात कापड तपासायचे. हाताशी कायम एक पितळी काच, तीन घड्यांची, मिटली की खिशात मावेल एवढी. उघडून कापडावर उभी केली की खाली अर्ध्या इंचाची चौकोनी खिडकी आणि वर भिंग. त्यातून आडवे धागे मोजायचे. धागे कमी भरले की ताका बाजूला.

मी आठ वर्षांची असल्यापासून शाळेला सुट्टी असली की बाबांबरोबर खाली जायची. ते काचेला डोळा लावून आकडा सांगायचे, मी रजिस्टरात लिहायची. काच अर्ध्या इंचाची आणि रजिस्टर पूर्ण इंचाचं, म्हणून ते सव्वीस म्हणाले की मी बावन्न लिहायचं. दुप्पट कर, असं त्यांनी पहिल्या दिवशी एकदाच सांगितलं होतं. पुढे दहा वर्षं सांगावं लागलं नाही. कानात सव्वीस शिरायचे आणि हातातून बावन्न उतरायचे, मध्ये मी कुठेच नसायची. बाबा कारागिरांना सांगायचे, "माझी पोरगी लिहिते. आजपर्यंत एक आकडा चुकलेला न्हाय." याद्या करायची माझी सवय तिथलीच. आजही भाजीची पिशवी उचलण्याआधी कागद लागतो.

दिनेश त्या वर्षी दहावीची परीक्षा देऊन सुट्टीत आमच्याकडे आला. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. आल्या आल्या त्याने घरातला संगणक पाहिला आणि पुढचे दोन दिवस त्याच्यासमोरून तो फक्त जेवायला उठला. संगणक कारखान्याच्या शेठच्या ऑफिसातून निघालेला, पाठीला मोठं खोकं असलेला. त्यात ऑफिसच्याच एका मुलाने अवकाशयुद्धाचा एक खेळ घालून दिला होता. दोन साम्राज्यं, दोघांची अजस्र जहाजं, आणि मध्ये अशनींचा पट्टा. एकाला आम्ही रुपेरी म्हणायचो, दुसऱ्याला काळं. मी रुपेरीची, दिनेशही रुपेरीचा, त्यामुळे भांडायला कोणी उरलं नव्हतं. ते भांडण आम्हाला नेटवर सापडलं.

गल्लीच्या तोंडाशी रफिकभाईंचं सायबर कॅफे होतं. तिथे मला एक चर्चेचं संकेतस्थळ मिळालं होतं. जगभरातली माणसं तिथे एकच वाद घालत: या खेळातल्या कुठल्या जहाजाचा मारा किती. नुसतं "आमचं भारी" म्हणून चालत नसे, हिशेब मांडावा लागे. खेळातलं एखादं दृश्य घ्यायचं, जहाजाने एवढा अशनी वितळवला, तर अशनीचा आकार किती, त्यात दगड किती, तो वितळवायला ऊर्जा किती, आणि मग तोफेची ताकद मेगाटनमध्ये, म्हणजे दहा लाख टन स्फोटकाच्या मापात. हिशेब पटला की तो एका तक्त्यात चढे, करणाऱ्याच्या नावासकट. रुपेरीच्या मुख्य तोफेचा रकाना तेव्हा रिकामा होता.

दिनेशला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हंजी खोट्या जहाजाचा खरा हिशेब?"

"हो."

"मंग करू की."

आज कोणी हसेल. आम्ही महिनाभर त्या हिशेबात जगलो. दगडाचं वजन पुस्तकातून घेता आलं असतं, पण दिनेशने मागच्या नाल्यातून काळ्या कातळाचा तुकडा आणला, आईच्या पातेल्यात काठोकाठ पाणी भरून त्यात सोडला, सांडलेलं पाणी खालच्या परातीत धरलं आणि दोन्हींचं वजन वाण्याकडून करून आणलं. दगड पाण्याच्या जवळजवळ तिप्पट भरला. आई म्हणाली, "दगड शिजवताय का आता? माझं पातेलं घासून ठेवा, आणि त्याला मीठ कमी घाला." दगड तापवण्याचं आणि वितळण्याचं गणित माझ्या बारावीच्या भौतिकशास्त्रातून घेतलं. राहिला आकार. रुपेरीची लांबी खेळाबरोबरच्या पुस्तिकेत दिली होती, तीनशे साठ मीटर. तोफ डागण्याआधी क्षणभर जहाज आणि अशनी शेजारी शेजारी दिसत. तिथे खेळ थांबवायचा आणि दोघांना मोजायचं. पण पडद्यावर दोन्ही नखाएवढी. फूटपट्टीचा मिलिमीटर त्या कामाला कुऱ्हाडीसारखा.

काचेची कल्पना दिनेशची. बाबांची पितळी काच पडद्यावर टेकवून त्याने डोळा लावला आणि ओरडला, "ताई, आत ठिपके हायत! लाल, हिरवे, निळे. कापडाचे धागे असतात तसे!" तीन रंगांचा मिळून एक ठिपका. ते मोजता येत होते. बाबांनीही पाहिलं. मग दिनेशला कापडावर काच लावून मोजायला सांगितलं. त्याने सांगितलेला आकडा बाबांनी स्वतः मोजून पाहिला, पुन्हा दुसऱ्या ताक्यावर, पुन्हा तिसऱ्यावर. तिन्ही वेळा जुळला. "शांतारामाचा पोरगा चेकरचे डोळे घेऊन आलाय," ते आईला म्हणाले. दहा वर्षं मी काचेशेजारी बसले होते. मला कधी मोजायला दिलं नव्हतं, आणि मीही कधी मागितलं नव्हतं. तरी ते वाक्य मला लागलं. पुढच्या प्रकाराला हे कारण देत नाही. फक्त तेव्हा काय काय होतं याची यादी करते आहे, आणि हे त्या यादीत येतं.

लूम चालू असताना पडदा थरथरायचा, ठिपके मोजणं अशक्य. सकाळी आठला शिफ्ट बदलताना दहा-पंधरा मिनिटं खाली शांत व्हायचं. तीच आमची वेळ. पहिल्या दिवशी दिनेशने जहाज मोजलं आणि स्वतःच वहीत लिहिलं: पंधरा. दुसऱ्या दिवशी अशनी मोजायचा होता. त्याच्या कडा ओबडधोबड, म्हणून त्याला दोन्ही हातांनी काच धरावी लागली. मी वही घेऊन शेजारी बसले. खाली नवी शिफ्ट आली होती, कोणीतरी पहिला लूम सुरू केला, मग दुसरा.

"लवकर!" मी म्हटलं.

"थांब ना. सतरा, अठरा, एकोनीस... वीस. लिव. वीस."

मी लिहिलं.

त्या आकड्यांवरून तोफेची ताकद पाचशे साठ मेगाटन निघाली. काळ्याच्या तक्त्यातल्या आकड्याच्या कितीतरी वर. आपल्या जहाजाचा आकडा मोठा निघाल्यावर पुन्हा पडद्याकडे बघावं असं दोघांनाही वाटलं नाही. मी इंग्रजीत सगळं नीट मांडलं, टप्प्याटप्प्याने, कातळाच्या पातेल्यासकट. चार दिवसांनी आमचा हिशेब तक्त्यात चढला आणि शेजारी नावं आली: वैशाली आणि दिनेश, भिवंडी. रफिकभाईंनी ते पान छापून दिलं, पैसे घेतले नाहीत. "भिवंडी का नाम अमरीका में," म्हणाले, "वो भी बगैर कपडे के!" दिनेशने तो कागद दहावीच्या गुणपत्रिकेसाठी आणलेल्या प्लास्टिकच्या पाकिटात घातला. गुणपत्रिका यायची होती, आधी हा कागद गेला.

निकाल लागला तेव्हा गणितात तो शाळेत पहिला होता. घरात ठरल्यासारखंच झालं की तो आमच्याकडे राहून भिवंडीत अकरावी सायन्सला जाणार. फक्त मामा येऊन हो म्हणायचा बाकी होता. शुक्रवार ठरला.

त्याच्या आधीच्या सोमवारी संकेतस्थळावर एका जुन्या सभासदाने आम्हाला प्रश्न विचारला. तो नावाऐवजी दीपगृहाचं चित्र लावायचा आणि सगळ्यांशी सभ्यपणे बोलायचा. त्याने लिहिलं होतं की मीही तेच दृश्य मोजलं, मला ताकद सत्तर मेगाटन मिळते, तुमची मापं दाखवाल का. घरी येऊन मी वही उघडली. जहाज, दिनेशच्या अक्षरात: १५. अशनी, माझ्या अक्षरात: ४०.

मला तिथेच कळलं. मोजून बघायचीसुद्धा गरज नव्हती. त्याने वीस म्हटलं आणि माझ्या हाताने कापडाचं रजिस्टर लिहिलं. लांबी दुप्पट, म्हणजे दगड आठपट, म्हणजे तोफ आठपट. पाचशे साठ भागिले आठ, सत्तर. दीपगृहवाल्याचा आकडा तंतोतंत.

दिनेश मागे उभा होता. "काय झालं?"

एवढंच म्हणायचं होतं की मी चुकीचं लिहिलं. तीन शब्द. मी वही त्याच्याकडे फिरवली आणि म्हणाले, "तू चाळीस मोजलेस."

तो वाकून बघत राहिला. मग काच घेतली, खेळ त्या जागी आणून थांबवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठची वाट पाहिली. आठला मोजलं. पुन्हा मोजलं. "वीसच हायत गं," तो हळू म्हणाला. "मंग मी तवा चाळीस कसा बोललो?"

"गडबडीत बोललास."

"तू ऐकलंस?"

"ऐकलं."

त्याने मान हलवली. माझ्यावर संशय घ्यायचं त्याच्या मनातही आलं नाही, कारण घरात सगळ्यांना माहीत होतं की वैशूचा लिहिलेला आकडा चुकत नाही. त्याच दुपारी मी संकेतस्थळावर इंग्रजीत उत्तर टाकलं: माझ्या मामेभावाची मोजणी चुकली, क्षमस्व. दीपगृहवाल्याने लिहिलं की हरकत नाही, अशा चुका सगळ्यांच्या होतात, तुमची दगडाची पद्धत मात्र सुंदर आहे. तक्त्यातून आमचं नाव गेलं. दिनेश शेजारच्या खुर्चीवर बसून मी टाकलेलं वाक्य शब्द शब्द लावून वाचत होता. वाचून झाल्यावर म्हणाला, "बरोबर लिवलंस."

आता शुक्रवार. मामाने पाणी घेतलं, पाय पुसले, बाबांच्या शेजारी चटईवर बसला. "भावजी," म्हणाला, "मास्तर म्हनतात पोराचं डोकं गनिताचं हाय. तुमी न् ताई ठेवून घेत असाल तर माझी ना न्हाय. भात मी एकटा लावीन." मग दिनेशकडे वळला. "काय रं? जमल ना सायन्स?"

दिनेश भिंतीला टेकून बसला होता. "मना न्हाय जमाचं," तो म्हणाला.

"आं?"

"मी वीसला चाळीस मोजतो. मना कळत पन न्हाय मी काय बोललो ते. सायन्समदी असं चालत न्हाय. एका चुकीनं आठपट व्हतं."

आईचा भाकरी थापायचा हात थांबला. मामा हसला, त्याला वाटलं पोरगा लाजतोय. "कसले वीस न् कसले चाळीस? गुन बघ की तुझे!"

"ते पेपरात हायत. पेपरात पाठ करून लिवता येतं."

मी स्वयंपाकाच्या ओट्याशी कांदा चिरत होते. खाली एकही लूम चालू नव्हता. बाबा म्हणाले, "वैशू, ती वही आण." मी आणली. त्यांनी चष्मा लावला, पान उलटलं, आणि बराच वेळ दोन आकडे पाहिले, एक त्याच्या अक्षरातला, एक माझ्या. बाबांना मेगाटन कळत नव्हतं. सव्वीस आणि बावन्न कळत होतं.

"अशनीचा आकडा तू लिहिलास?"

"हो."

"त्यानं सांगितला तसा?"

मी कांदा चिरत राहिले. "हो."

ते थांबले. मी बोलावं म्हणून थांबले, हे मला तेव्हाही कळत होतं. "वैशू," ते पुन्हा म्हणाले, अगदी मऊ आवाजात, "काय सांगायचंय का?"

"नाही."

बाबांनी वही मिटली. मेव्हण्यासमोर मुलीला खोटं पाडणं त्यांच्याने झालं नाही, असं मी इतकी वर्षं समजत आले. आता मला मुलगी आहे, आता वाटतं की त्यांनी मला वेळ दिला होता, आणि तो कधी संपला हे सांगितलं नाही. दिनेशला मात्र त्यांनी पुष्कळ समजावलं. एक चूक म्हणजे काही नाही, मी हजार ताके चुकलोय, वगैरे. तो मान डोलवत होता. जेवणं झाली. फणस कापला, सगळ्यांच्या हातांना तेल, बोटांना चीक, मामा गावातल्या गोष्टी सांगत होता. चारच्या एसटीने बापलेक परत गेले. जाताना दिनेशने पाकिटातला छापलेला कागद काढून टेबलावर ठेवला, वर काच ठेवली, म्हणजे उडू नये.

पुढच्या सुट्टीत मी नेहमीप्रमाणे खाली गेले. बाबांनी आकडा मोजला, रजिस्टर स्वतःकडे ओढलं आणि स्वतः लिहिला. "तुझा अभ्यास असेल," एवढंच म्हणाले. मी पुन्हा कधी त्यांच्या रजिस्टरात लिहिलं नाही.

दिनेशने गावाजवळ आर्ट्सला नाव घातलं, दुसऱ्या वर्षी सोडलं, आणि भिवंडीजवळ वडप्याला गोदामं उभी राहिली तेव्हा तिथे माल उतरवायला लागला. त्याने असंही तेच केलं असतं, घरी माणूस कमी होता, शिक्षण महाग होतं, ही सगळी कारणं मला माहीत आहेत. मी ती अनेकदा एकाखाली एक लिहून पाहिली आहेत. बेरीज माझ्या बाजूने येत नाही.

मी पुढे मालसाठ्याच्या कामात शिरले. गेली सहा वर्षं माझी ड्युटीही वडप्याला आहे, दिनेशच्याच गोदामात. तो आता सुपरवायझर आहे, केस पिकायला लागलेत, पोरांना प्रेमाने शिव्या घालतो. साठा मोजायच्या दिवशी प्रत्येक रांग दोनदा मोजतो आणि तिसऱ्यांदा दुसऱ्या कोणाकडून मोजवून घेतो. नवीन पोरं वैतागतात. एकाने मागे विचारलं, "दिनेशदादा, तुमचा आकडा कधी चुकलाय का?" तर म्हणाला, "एकदा चुकला. लय मोठा चुकला. अमेरिकेपर्यंत गेला." सगळे हसले. तोही हसला. मी हातातल्या साठ्याच्या यादीत डोकं घालून उभी होते.

बाबा जाऊन चार वर्षं झाली. त्यांच्या कपाटातून मला तीन वस्तू मिळाल्या: ती वही, तो छापलेला कागद आणि काच. वहीत चाळीसच्या शेजारी त्यांनी पेन्सिलीने बारीक वीस लिहून ठेवले होते. कधी लिहिले, ठाऊक नाही. संकेतस्थळ केव्हाच बंद झालं, तिथे दुरुस्ती करायला आता जागा नाही. दीपगृहवाला कोण होता, तेही कधी कळलं नाही.

माझी पद्धत अशी: वर्षाच्या पहिल्या दिवशी जुन्या डायरीतली राहिलेली कामं नव्या डायरीत उतरवायची. बहुतेक कामं एका वर्षात संपतात. एक ओळ सगळ्या डायऱ्यांत आहे, शब्द तेच: दिनेशला सांगणे, वीसच होते.

आज साठा मोजायचा दिवस होता. सकाळच्या यादीत सात कामं. शेवटची रांग मोजून झाल्यावर दिनेश माझ्याकडे आला, घाम पुसत म्हणाला, "ताई, दोनशे चौदा. तू एकदा बघून घे. माझ्या मोजन्यावर जाऊ नको." आसपास कोणी नव्हतं. फोर्कलिफ्ट बंद होती, बाहेर ट्रकचा आवाज नव्हता, शुक्रवारसारखी शांतता. काच माझ्या पर्समध्ये होती, वहीसुद्धा. मी रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, एक एक थप्पी बोटाने मोजली. दोनशे चौदा.

"बरोबर आहे," मी म्हटलं आणि सही केली.

सहा कामांवर रेघ मारली. काच वडप्याला जाऊन परत आली, आता इथे टेबलावर आहे. सातवं उद्याच्या पानावर उतरवलं आहे, सगळ्यांत वर.